इंदूर ते मुंबई : पाचशे किलोमीटरांचा इतिहास

इंदूर शहराच्या नैर्ऋत्येस राजेंद्र नगर नावाची वसाहत आहे. स्वातंत्र्योत्तर काळात ती वाढली आणि मराठी कुटुंबांची एक मोठी वस्ती म्हणून शहरात ओळखली जाऊ लागली. या वसाहतीजवळून तीन वाटा जातात. पहिली मुंबई–आग्रा रस्त्याची. दुसरी इंदूर–महू लोहमार्गाची. या मार्गावर राजेंद्र नगरचे स्वतःचे लहानसे स्थानकही आहे. तिसरी वाट आकाशातील. शहराच्या पश्चिमेकडील बिजासन टेकडीनजीकच्या विमानतळावरून उडालेली विमाने मुंबईच्या दिशेने याच आकाशातून दूर जाताना दिसतात. ज्या घरांतील लेकी पुण्यास दिल्या, ज्यांचे मुलगे मुंबईत नोकरीस आहेत आणि ज्यांचे कुलदैवत कोकणात वा देशावर आहे, त्या घरांना इंदूर ते मुंबई हे अंतर केवळ भूगोलाच्या पुस्तकातील आकडा वाटत नाही. सणाला येणे जमेल काय आणि आजारी माणसाजवळ वेळेवर पोहोचता येईल काय, या प्रश्नांची उत्तरे त्या अंतरावर अवलंबून असतात.

नकाशावर पट्टी ठेवून मोजले, तर इंदूर ते मुंबई हे सरळ हवाई अंतर सुमारे ५०५ किलोमीटर, म्हणजे सव्वातीनशे मैलांच्या आतबाहेर भरते. इंदूर ते पुणे हे अंतरही जवळजवळ तेवढेच, पाचशे किलोमीटर आहे. हे अंतर बाजीराव पेशव्यांच्या काळी तेवढेच होते आणि आजही तेवढेच आहे. परंतु ते कापण्यास लागणारा वेळ गेल्या पावणेतीनशे वर्षांत महिन्यावरून तासावर आला. हा बदल एकाएकी घडला नाही आणि सर्वांच्या वाट्यास सारखाही आला नाही. वेळ कसा कमी झाला, कोणासाठी झाला आणि कोणासाठी अद्याप व्हावयाचा आहे, हे पाहू गेल्यास माळव्यातील मराठी माणसाच्या इतिहासाचा एक मोठा भाग हाती लागतो.

प्रथम भूमीचा विचार केला पाहिजे. इंदूर हे माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर वसले आहे. तेथून दक्षिणेस निघालेल्या वाटसरूस महू ओलांडताच विंध्य पर्वत उतरावा लागतो. खाली नर्मदेचे खोरे लागते. नर्मदा पार केली की सातपुडा चढावयाचा, तो उतरल्यावर तापी ओलांडावयाची, मग खानदेशातून नाशिककडे यावयाचे आणि शेवटी कसाऱ्याचा थळ घाट उतरून कोकणपट्टीत प्रवेश करावयाचा, असा हा क्रम आहे. दोन पर्वत, दोन मोठ्या नद्या आणि एक अवघड घाट एवढे अडथळे या पाचशे किलोमीटरांत एकापुढे एक उभे आहेत. मुंबई–आग्रा रस्ता आजही याच क्रमाने जातो. महू, मानपूर, धामनोद, खलघाटाचा नर्मदेवरील पूल, सेंधवा, शिरपूर, धुळे, मालेगाव, नाशिक ही त्याची ठाणी. सातपुड्यात सेंधव्याजवळचा घाट बिजासन देवीच्या नावाने ओळखला जातो आणि इंदूरच्या विमानतळाजवळील टेकडीवरही बिजासनचेच देऊळ आहे. जुना रस्ता आणि नवे विमानतळ अशी एकाच देवीच्या नावाशी जोडली गेली आहेत.

मराठ्यांनी नर्मदा ओलांडून माळव्यात पाय रोवले, तेव्हा पुण्याहून निघालेली फौज घोड्याच्या चालीने आणि बाजारबुणग्यांच्या पावलाने पुढे सरकत असे. रोजची मजल पाच-सहा कोसांची धरली, तर पुण्याहून इंदूरपर्यंत महिनाभर सहज लागे. पावसाळ्यात नर्मदेस पूर आला म्हणजे उताराची वाट पाहत काठावर तळ ठोकण्यावाचून गत्यंतर नसे. बातमी मात्र फौजेपेक्षा वेगाने धावे. सांडणीस्वार आणि जासूद यांच्या द्वारे निरोप पोहोचविण्याची व्यवस्था त्या काळच्या मानाने उत्तम होती. तथापि तिच्याही वेगास मर्यादा होती, आणि त्या मर्यादेची किंमत पानिपतच्या वेळी मराठी राज्यास मोजावी लागली. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सर्वनाश झाला. नानासाहेब पेशवे त्या सुमारास मदतीस उत्तरेकडे निघून माळव्यात भेलशाजवळ पोहोचले होते. पानिपत ते भेलसा हे सरळ अंतर साडेसहाशे किलोमीटरांच्या आसपास आहे, आणि ती वार्ता त्यांच्या हाती पडावयास दहा दिवसांच्या जवळपास लागले. पुत्र आणि चुलतभाऊ रणांगणावर पडल्यानंतरही कित्येक दिवस पेशवा त्यांच्या मदतीसाठी पुढे चालत होता. त्याच वर्षी २३ जून रोजी पुण्यास पर्वतीवर नानासाहेबांचे देहावसान झाले. अंतर आणि काळ यांच्यातील दरी किती निष्ठुर असू शकते, याचे याहून बोलके उदाहरण मराठ्यांच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

त्यानंतर शंभर वर्षे लोटली, तरी सामान्य प्रवाशाचा वेग बदलला नव्हता. १८५७ साली कुलाबा जिल्ह्यातील वरसई गावचे विष्णुभट गोडसे हे आपल्या काकांसह उत्तरेकडे निघाले. बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल व घरचे कर्ज फिटेल, ही त्यांची आशा होती. माळव्यात महूच्या जवळ येता येता शिपायांच्या तोंडून त्यांना होऊ घातलेल्या उठावाची वार्ता कळली. पुढे झाशी, ग्वाल्हेर, काशी, अयोध्या अशी फरपट होऊन ते घरी परतले, तेव्हा दोन वर्षांहून अधिक काळ गेला होता. त्यांचा ‘माझा प्रवास’ हा ग्रंथ १९०७ साली चिंतामणराव वैद्य यांनी प्रसिद्ध केला. तो सत्तावनच्या धामधुमीचा वृत्तांत म्हणून वाचला जातो आणि ते योग्यच आहे. परंतु कोकणातील एक गरीब भिक्षुक माळव्यापर्यंत कसा पोहोचे, याचाही तो दस्तऐवज आहे. घराबाहेर पाऊल टाकणारा माणूस परत येईलच, अशी खात्री घरच्यांस देता येत नसे.

गोडसे भटजी पायी चालत होते, तेव्हा मुंबईच्या बाजूस आगगाडी सुरू होऊन चार वर्षे झाली होती. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई–ठाणे गाडी धावली. १८६५ च्या आरंभी थळ घाटातील लोहमार्ग खुला झाला. त्यानंतर रूळ भुसावळ, बऱ्हाणपूर, खांडवा या मार्गाने पुढे गेले आणि मार्च १८७० मध्ये जबलपूर येथे कलकत्त्याकडून आलेल्या मार्गास मिळाले. मुंबई आणि कलकत्ता जोडली गेली. परंतु इंदूर बाजूसच राहिले. मुख्य मार्ग सातपुड्याच्या कुशीतून पूर्वेस वळून गेला आणि होळकरांची राजधानी खांडव्यापासून नर्मदा व विंध्याच्या पलीकडे, सुमारे १३८ किलोमीटरांवर राहिली.

या वेळी महाराज तुकोजीराव होळकर दुसरे यांनी जो निर्णय घेतला, तो हिंदुस्थानातील संस्थानांच्या इतिहासात लक्षणीय आहे. राजधानीपर्यंत लोहमार्ग यावा म्हणून त्यांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपयांचे कर्ज देऊ केले. व्याजाचा दर दरसाल साडेचार टक्के आणि मुदत तब्बल १०१ वर्षांची होती. संस्थानाच्या हद्दीतील लागणारी जमीन विनामूल्य देण्याचेही ठरले. एका देशी राजाने सार्वभौम सत्तेस कर्ज द्यावे आणि त्या बदल्यात आपल्या प्रजेसाठी वेग विकत घ्यावा, असा हा व्यवहार होता. त्यातूनच ‘होळकर स्टेट रेल्वे’ उभी राहिली.

काम सोपे नव्हते. खांडवा ते सनावद हा सपाटीचा भाग डिसेंबर १८७४ मध्ये खुला झाला. नर्मदेवरील पूल ऑक्टोबर १८७६ मध्ये पुरा झाला. पुढे विंध्याचा चढ होता. कालाकुंड आणि पातालपाणी यांच्यामधील घाटात बोगदे खोदून, दऱ्यांवर पूल बांधून, चाळीस फुटांस एक फूट अशा तीव्र चढाने मीटरगेजचे रूळ वर नेण्यात आले. इंजिन इंदुरास आणताना ते हत्तींकरवी ओढविण्यात आले, अशी आठवण शहरात अद्याप सांगितली जाते. १८७८ पर्यंत इंदूर–खांडवा मार्ग पूर्णपणे वाहतुकीस खुला झाला होता.

त्या दिवसापासून इंदूरचा मराठी माणूस सायंकाळी घाट उतरून खांडव्यास गाडी बदलू शकला आणि भुसावळ, मनमाड, नाशिक या ओळखीच्या गावांवरून मुंबई गाठू शकला. लोहमार्गाने हे अंतर सुमारे सातशे दहा किलोमीटर पडे. म्हणजे पक्ष्याच्या वाटेहून दोनशे किलोमीटर अधिक. तरीही पूर्वीच्या महिन्याचा प्रवास दोन दिवसांच्या आत आला. याचे परिणाम केवळ व्यापारापुरते नव्हते. कापूस व गळिताची धान्ये मुंबईच्या बाजारी गेली, त्याचप्रमाणे पुण्या-मुंबईची वर्तमानपत्रे आणि पुस्तके माळव्यात आली. नाटकमंडळ्या आपले पडदे आणि पेट्या घेऊन इंदुरास येऊ शकल्या. मुलीचे सासर पुण्यास असले, तरी तिला वर्षा-दोन वर्षांनी माहेरी आणणे शक्य झाले. माळव्यातील मराठी समाज मूळ भूमीपासून तुटून एखाद्या बेटासारखा राहिला नाही, याचे बरेचसे श्रेय या अरुंद रुळांस दिले पाहिजे.

आगगाडीने पर्वत चढून जाण्याचा मार्ग शोधला. विमानाने पर्वताचा प्रश्नच शिल्लक ठेवला नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून मुंबईस टपालाचे विमान आणले आणि भारतीय नागरी उड्डाणाचा पाया घातला. त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट यांच्या सल्ल्याने १९३५ साली इंदूर संस्थानाने विमानतळासाठी बिजासन येथील जागा निवडली. यशवंतराव होळकर दुसरे त्या वेळी गादीवर होते. १९३७ साली टाटांची मुंबई–दिल्ली सेवा इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेर या मार्गाने सुरू झाली. मे १९४८ मध्ये होळकरांचे राज्य मध्यभारत संघात विलीन झाले आणि त्याच वर्षी जुलैत इंदूरहून ग्वाल्हेर, दिल्ली व मुंबईकडे विमानसेवा सुरू झाली. १९५० च्या एप्रिलमध्ये विमानतळ केंद्र सरकारच्या ताब्यात गेला. आज तो देवी अहिल्याबाई होळकर यांच्या नावाने ओळखला जातो. एक कोटीच्या कर्जाची १०१ वर्षांची मुदत ज्या राज्याने ठरविली, ते राज्य मुदत भरण्यापूर्वीच इतिहासजमा झाले. त्याने आणलेले रूळ आणि निवडलेले विमानतळ मात्र मागे राहिले.

हवाई अंतर आणि हवाई प्रवासाचा वेळ या दोहोंतही फरक आहे, हे येथे ध्यानी घेतले पाहिजे. विमान आकाशात मोकळे असले, तरी ते अगदी सरळ रेषेत जात नाही. त्यास ठरलेल्या हवाई मार्गांवरून जावे लागते. चढण्यास आणि उतरण्यास वेळ लागतो, धावपट्टी मोकळी नसल्यास आकाशात घिरट्या घालाव्या लागतात, आणि वारा समोरून आहे की पाठीमागून, यावरही काही मिनिटे कमी-अधिक होतात. आज जेट विमान आठशे किलोमीटरांच्या वेगाने जाण्यास समर्थ असूनही, पाचशे किलोमीटरांच्या इंदूर–मुंबई प्रवासास सव्वा तासाच्या आसपास वेळ दाखविला जातो, त्याचे कारण हेच. शिवाय प्रवाशाने घर सोडल्यापासून मुंबईतील मुक्कामी पोहोचेपर्यंतचा वेळ मोजला, तर तो पाच-सहा तासांवर जातो. तरीही आजारी आईकडे निघालेल्या मुलास ते सव्वा तासाचे उड्डाण वरदानच ठरते.

याच विमानतळावरून १५ जुलै २०१९ रोजी एअर इंडियाचे विमान दुबईस निघाले. इंदूरहून सुटलेले ते पहिले थेट आंतरराष्ट्रीय विमान होते. करोनाच्या साथीत मार्च २०२० पासून ही सेवा खंडित झाली आणि १ सप्टेंबर २०२१ रोजी पुन्हा सुरू झाली. इंदूर ते दुबई हे सरळ अंतर सुमारे २,१०० किलोमीटर, म्हणजे मुंबईच्या चौपट आहे. थेट विमानास त्यासाठी तीन ते साडेतीन तास पुरतात. दुबईचे घड्याळ भारताच्या दीड तास मागे असल्याने उतरणाऱ्या प्रवाशास तर दोन तासांतच आल्याचा भास होतो. परतीच्या वाटेवर मात्र तो दीड तास पुरता फेडावा लागतो.

आता याच्या शेजारी आगगाडीचा हिशेब मांडून पाहावा. १९६० च्या दशकात उज्जैन–देवास–इंदूर असा ब्रॉडगेज मार्ग झाला आणि पुढे मुंबईच्या थेट गाड्या उज्जैन, रतलाम, वडोदरा, सुरत या बाजूने धावू लागल्या. वाटेत डबा बदलावा लागत नाही, ही सोय मोठी होती आणि लोकांनी ती आनंदाने स्वीकारली. परंतु हा मार्ग ८२९ किलोमीटरांचा आहे. ज्यास नैर्ऋत्येस मुंबईकडे जावयाचे, त्याची गाडी प्रथम उत्तरेस उज्जैनकडे निघते, मग पश्चिमेस वळते आणि सर्व गुजरात ओलांडून दक्षिणेस येते. प्रवासास बारा तासांहून अधिक वेळ लागतो. पुण्याची गाडी याच फेऱ्याने आणखी पुढे जाते आणि तिचा मार्ग नऊशे किलोमीटरांहून अधिक भरतो. इंदूरहून एकाच वेळी दोन प्रवासी निघाले, एक विमानाने दुबईस आणि दुसरा गाडीने मुंबईस, तर पहिला अरबी समुद्र ओलांडून परदेशी भूमीवर उतरतो, तेव्हा दुसरा रतलामच्या आसपास असतो. रतलाम हे इंदूरपासून सरळ रेषेत शंभरेक किलोमीटरच आहे, आणि तेही मुंबईच्या दिशेस नाही.

दरम्यान जुना मीटरगेज मार्ग हळूहळू मागे पडला होता. एके काळी जयपूरहून काचीगुड्यास जाणारी मीनाक्षी एक्सप्रेस इंदूर, महू, खांडवा, अकोला, पूर्णा, नांदेड अशी याच रुळांवरून धावे. राजेंद्र नगरच्या स्थानकावरून जाणारी ती वाट माळव्यास वऱ्हाड-मराठवाड्याशी जोडीत होती. सारा देश ब्रॉडगेजकडे वळल्यावर अरुंद रुळांचे तुकडे एकामागून एक बंद होत गेले. इंदूर–महू भाग रुंद झाला. परंतु घाटातील चढ ब्रॉडगेजच्या गाड्यांस पेलण्यासारखा नसल्याने तेथे नवी, लांब वळणाची आखणी करावी लागली. २०२३ च्या आरंभी महूच्या दक्षिणेकडील उरलीसुरली मीटरगेज वाहतूकही थांबली. पातालपाणी आणि कालाकुंड यांच्या दरम्यान डिसेंबर २०१८ पासून पर्यटकांसाठी वारसा गाडी चालविण्यात आली. धबधबा पाहावयास येणाऱ्यांस तिचा आनंद झाला, परंतु घाट उतरून खानदेशात जाणाऱ्यास तिचा उपयोग नव्हता.

अशा रीतीने एक विचित्र अवस्था निर्माण झाली. विमानाच्या प्रवाशासाठी मुंबई सव्वा तासावर आली. गाडीच्या प्रवाशासाठी ती १८७८ च्या मार्गाहूनही शंभरावर किलोमीटर लांब गेली. त्याची गाडी वेगवान आहे, म्हणून हे लांबलेले अंतर त्यास जाणवत नाही एवढेच. दोघेही एकाच शहरातून एकाच शहरास जातात, परंतु त्यांच्यामधील अंतर खिशातील पैशाने ठरते. उरतो तो रस्ता. पाचशे ऐंशी-नव्वद किलोमीटरांचा हा रस्ताच आज सरळ रेषेच्या सर्वांत जवळ आहे आणि त्यावरून रात्री धावणाऱ्या बसगाड्यांची गर्दी त्याची साक्ष देते.

या पार्श्वभूमीवर इंदूर–मनमाड लोहमार्गाचे महत्त्व कळते. या मार्गाची मागणी कित्येक दशकांची. अखेर २ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यास संमती दिली. लांबी ३०९ किलोमीटर, अंदाजित खर्च १८,०३६ कोटी रुपये, नवी स्थानके ३० आणि काम पुरे करण्याचे लक्ष्य २०२८–२९ असे त्या वेळी जाहीर झाले. मनमाड ते मुंबई लोहमार्गाने सुमारे २६० किलोमीटर आहे. दोहोंची बेरीज ५७० च्या आसपास येते. म्हणजे आजच्या ८२९ मधून अडीचशेहून अधिक किलोमीटर वजा होतात. मनमाडहून दौंडमार्गे पुण्यास जाणाऱ्याचा फेराही याच प्रमाणात घटेल. याशिवाय धुळे, शिरपूर, सेंधवा या पट्ट्यातील ज्या गावांनी मुंबई–आग्रा रस्त्यावरील मालमोटारींखेरीज वाहतुकीचे दुसरे साधन फारसे पाहिले नाही, त्यांच्या दाराशी रूळ येतील. तेथील आदिवासी मजुरास आणि कांदा-कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्यास विमानाच्या सव्वा तासाचा उपयोग नाही, स्थानकाचा आहे.

तुकोजीरावांच्या काळी प्रश्न होता तो राजधानी मुख्य मार्गास जोडण्याचा. त्यासाठी त्यांनी कोटी रुपये मोजले आणि एक शतक थांबण्याची तयारी ठेवली. आजचा प्रश्न त्याच जातीचा आहे. फक्त मोजणारा राजा नसून लोकांनी निवडलेले शासन आहे. सातपुडा आणि तापी पूर्वीच्याच जागी आहेत आणि नव्या मार्गासही त्यांच्याशी झुंज द्यावी लागणार आहे. राजेंद्र नगरमधील वृद्ध मंडळींस खांडव्याची गाडी आठवते. घाटात मागे जोडलेले दुसरे इंजिन, कालाकुंडच्या स्थानकावर मिळणारा पानाच्या द्रोणातील कलाकंद आणि खांडव्याच्या फलाटावर मुंबईच्या गाडीची वाट पाहत काढलेले तास आठवतात. त्यांच्या नातवंडांस मुंबई ठाऊक आहे ती विमानाच्या खिडकीतून किंवा सुरतेच्या बाजूने. मनमाडचा मार्ग पुरा झाला, तर गेल्या दीडशे वर्षांत प्रथमच इंदूरच्या सामान्य प्रवाशास मुंबईकडे निघताना मुंबईच्याच दिशेने तोंड करून बसता येईल.